कोर्ट नाक्यावरचं टायपिंगचं दुकान : मतदार यादीच्या हरकतीसाठी गेले होते, तो अनुभव

ठाण्यात कोर्ट नाक्याला उतरून जिल्हा न्यायालयाच्या बाजूला चालायला लागलं की टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, स्टॅम्प अशा पाट्याच पाट्या दिसतात. त्यातल्या एका दुकानाबद्दल लिहितेय. पाटीवर दुकानाचं नाव नाही, फक्त 'मराठी-इंग्रजी टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन' एवढंच. आत जेमतेम तीन माणसं उभी राहतात. दोन संगणक, एक मोठं झेरॉक्स मशीन आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकने झाकलेलं गोदरेजचं जुनं मराठी टंकयंत्र. बसणाऱ्या गृहस्थांना वकिलांपासून चहावाल्यापर्यंत सगळे 'काका' म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणते. वय सत्तरच्या घरात. ई-फायलिंगचं काम त्यांचा पुतण्या बघतो.

मी निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं आणि जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला ड्युटी केली. लाखेची कांडी, सुतळी आणि लोखंडी मतपेटी सांभाळायच्या काळापासून ते मशीनवर सकाळी पन्नास मतांचं अभिरूप मतदान (मॉक पोल) घेण्यापर्यंत सगळं हातून गेलंय. एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेतला तर दोन रुपये भरून घेऊन पावती फाडायची, हेही केलंय. तरी गेल्या नोव्हेंबरात माझ्याच घरच्यांची नावं यादीत भलतीकडे गेली तेव्हा अर्ज नेमका कसा लिहावा हे मला सुचेना.

झालं होतं असं. महापालिकेच्या निवडणुकीसाठी प्रभागनिहाय प्रारूप मतदार याद्या २० नोव्हेंबर २०२५ ला लागल्या. आम्ही वर्तकनगरला राहतो. इमारत एक, फाटक एक, पण यादीत मी, आमचे हे, मुलगा आणि सासूबाई अशी चार नावं शेजारच्या प्रभागात. समोरच्या दाराचं कुटुंब मात्र बरोबर जागी. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांचं मतदान केंद्र लांब गेलं तर त्या मताला मुकणार हे नक्की, आणि त्यांनी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही.

ज्या खिडकीवर पहिल्यांदा गेले (कुठली ते लिहीत नाही), तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "विधानसभेच्या यादीतच तसं असेल, आमच्या हातात काही नाही." मी अर्ज पुढे केला तर म्हणाला, "ठेवून जा." पोच मागितली तर, "पोच कसली, नाव बदलायचं असेल तर बदलेल." मी तो अर्ज तसाच परत घेऊन आले. वहीच्या कागदावर हाताने लिहिलेला, चौघांचा मिळून एकच.

२४ नोव्हेंबर, सोमवार. शेजारच्या वकीलबाईंनी या दुकानाचं नाव सुचवलं होतं. सकाळी अकराला पोचले तर माझ्यापुढे पाच जण. पाऊण तास उभी होते, बसायला स्टूलसुद्धा नाही. हे आधीच सांगते, कारण गुडघे दुखणाऱ्यांनी तयारीने जावं.

माझी पाळी आल्यावर काकांनी वहीचा कागद वाचला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाई, यात 'अन्याय झाला आहे' तीनदा लिहिलंय. भाग क्रमांक एकदाही नाही. विधानसभेच्या यादीचं पान आणलंय का?"

आणलं होतं. त्यांनी दोन्ही पानं काचेच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. डावीकडे विधानसभेची यादी, उजवीकडे प्रभागाची. स्टीलची फूटपट्टी घेतली आणि सासूबाईंच्या नावाखाली धरली. मग समोरच्या दाराच्या कुटुंबाच्या नावाखाली. विधानसभेच्या यादीत दोघांचा भाग क्रमांक एकच, पत्ताही एकच. फरक फक्त उजवीकडच्या कागदावर. पट्टी तशीच धरून म्हणाले, "बघा. मूळ यादी चोख आहे. तोडताना चूक झाली. हे त्यांच्याच हातातलं काम आहे."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार सांगते. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोग नवी यादी करत नाही. विधानसभेची यादी घेतो (या वेळी १ जुलै २०२५ ची) आणि ती प्रभागांत विभागतो. त्यामुळे नवं नाव घालणं किंवा मूळ नाव काढून टाकणं या टप्प्यावर होत नाही. पण लेखनिकाची चूक, चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव, विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागात न आलेलं नाव, एवढ्या गोष्टी हरकत घेऊन दुरुस्त होतात. आमचं प्रकरण सरळ सरळ दुसऱ्या प्रकारात बसत होतं. खिडकीवरच्या माणसाने दोन पानं शेजारी ठेवून पाहिली असती तर मला कोर्ट नाक्याला यावंच लागलं नसतं.

काकांनी चौघांचे चार वेगळे अर्ज करायला लावले. प्रत्येकात नाव, ओळखपत्राचा क्रमांक, विधानसभा मतदारसंघ, भाग क्रमांक, अनुक्रमांक, आत्ता कुठल्या प्रभागात दिसतंय, कुठल्यात हवं आणि का. 'अन्याय' हा शब्द त्यांनी काढून टाकला. शेवटी एक वाक्य घातलं : 'सदर हरकत मान्य न केल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत.' ते टाइप करताना पुतण्याला म्हणाले, "ही ओळ कधी विसरायची नाही."

मी विचारलं, एवढं काय आहे त्या ओळीत. त्यावर त्यांनी जे सांगितलं त्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलेय.

ते म्हणाले, "कोर्टाला निवडणूक दिसत नाही बाई. कोर्टाला कागद दिसतो. त्यावर तारीख आहे का आणि कारण आहे का, एवढंच ते बघतात." आणि मग फिरोजपूरचा खटला सांगितला. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं वकिलांची टाचणं टाइप केली आहेत, त्यामुळे खटल्यांची नावं त्यांच्या बोटांत आहेत. घरी येऊन मी तो निकाल वाचला, म्हणून खात्रीने लिहिते. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत पंजाबातल्या फिरोजपूर मतदारसंघात मतमोजणी संपत आलेली असताना गोंधळ झाला, मतपत्रिकांची नासधूस झाली आणि निवडणूक आयोगाने संपूर्ण मतदारसंघाचंच मतदान रद्द करून पुन्हा घ्यायचं ठरवलं. मोहिंदरसिंग गिल सर्वोच्च न्यायालयात गेले. २ डिसेंबर १९७७ च्या निकालात न्यायालयाने निवडणुकीच्या मध्येच हात घालायला नकार दिला. पण त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलं की अधिकाऱ्याने आदेश देताना जी कारणं लिहिली त्यांवरच तो आदेश तोलला जाईल, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून तो सावरता येणार नाही. जुनी दारू मुरते तसे आदेश मुरून चांगले होत नाहीत, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य आहे.

मी मुलांना कलम ३२४ शिकवलं. निवडणूक आयोग स्वतंत्र असतो, निवडणुकीचं अधीक्षण, संचालन आणि नियंत्रण त्याच्याकडे असतं, हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण 'कारण लिहून द्या' हे दोन-तीन शब्द त्या स्वातंत्र्याला बांधून ठेवतात, हे मी एकदाही शिकवलं नाही, कारण पुस्तकात नव्हतं. आता बिहारचं उदाहरण घ्या. मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात (एसआयआर, म्हणजे यादीची नव्याने घरोघर पडताळणी) प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. १४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितलं की ही नावं केंद्रनिहाय जाहीर करा आणि प्रत्येकापुढे वगळण्याचं कारण लिहा. यादी न्यायालयाने स्वतः केली नाही, पुनरीक्षणही थांबवलं नाही. कारण लिहायला लावलं. मृत, स्थलांतरित, दुबार, काय ते नावापुढे दिसू दे, मग ज्याचं चुकीचं असेल तो येऊन सांगेल. काकांच्या ओळीत आणि त्या आदेशात मला काही फरक वाटत नाही.

अर्ज झाले. प्रत्येकाची एक प्रत पोचेसाठी, सोबत दोन्ही याद्यांची पानं आणि ओळखपत्र. पहिल्या अर्जाचे चाळीस रुपये, बाकी तीन फक्त तपशील बदलून प्रत्येकी दहा, झेरॉक्स पानाला दोन रुपये. एकूण एकशे सव्वीस रुपये झाले. यादीच्या पानांवर आमच्या ओळींना त्यांनी पेन्सिलीने बारीक खूण केली आणि बजावलं, "हायलायटर मारू नका, झेरॉक्समध्ये काळा पट्टा येतो." हे मला फार आवडलं. अर्ज कुणाच्या टेबलावर जाणार आणि पुढे त्याची कितव्यांदा झेरॉक्स निघणार, एवढा पुढचा विचार त्यांनी केला होता.

हरकतींची मुदत आधी २७ नोव्हेंबरपर्यंत होती, पुढे ती ३ डिसेंबरपर्यंत वाढली. मी दुसऱ्याच दिवशी गेले. तीच खिडकी, तोच माणूस. या वेळी चार वेगळे अर्ज, जोडपत्रं, खाली ती ओळ. त्याने वाचलं, आत जाऊन कुणाला तरी दाखवून आला आणि चारही प्रतींवर तारखेचा शिक्का मारून दिला. डिसेंबरात अंतिम यादी आली तेव्हा चारही नावं आमच्या प्रभागात होती.

दुकानाबद्दल अजून सांगते, पण मध्ये एक गोष्ट लिहून टाकते, कारण ती मनातून जात नाही. या निवडणुकीची आपण किती वाट पाहिली! ठाण्यात आधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ ला झालं होतं. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक बसले. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं. २००६ साली अहमदाबादच्या किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की मुदत संपण्याआधी निवडणूक घेणं हे राज्य निवडणूक आयोगाचं कर्तव्य आहे, सबबी चालणार नाहीत. तरी आपल्याकडे ओबीसी आरक्षणासाठी न्यायालयाने घातलेली तिहेरी कसोटी, त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल, प्रभागांची बदललेली संख्या, आणि ऑगस्ट २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा 'जैसे थे'चा आदेश यांत वर्षं गेली. ६ मे २०२५ ला न्या. सूर्य कांत यांच्या खंडपीठाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका उरका असं सांगितलं. तेही झालं नाही, तेव्हा १६ सप्टेंबरला शेवटची तारीख दिली : ३१ जानेवारी २०२६. मी काकांच्या दुकानात उभी होते त्याच २४ नोव्हेंबरला सकाळी त्याच न्या. सूर्य कांत यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. मोबाइलवर कुणीतरी ते लावलं होतं आणि दुकानातले दोन वकील काम थांबवून बघत होते.

न्यायालयामुळे निवडणूक झाली हे मी मानते, आणि न्यायालयात प्रकरण पडून राहिल्यामुळे ती लांबली हेही मानते. माझी नात शाळेत गेली, तिसरीत आली, तोवर तिच्या शहराला नगरसेवक नव्हते. गटाराचं झाकण बसवायला कुणाकडे जायचं, हे तिला मी काय सांगणार होते?

मी पुन्हा गेले ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सासूबाईंच्या पेन्शनच्या कागदांसाठी. तेव्हा दुकानात वेगळीच गर्दी होती. अर्ज भरून, छाननी होऊन उमेदवार ठरले होते. एक तरुण हातात छाननीचा कागद घेऊन आला होता, त्याचा अर्ज बाद झाला होता. आवाज चढलेला. "काका, आजच्या आज स्टेचं टाइप करा, हायकोर्टात जातो."

काकांनी त्याला माझ्या आधी घेतलं, आणि मला ते योग्यच वाटलं. कागद वाचला. शांतपणे म्हणाले, "बाळा, टाइप करून देतो, पैसे पण घेईन. पण आधी ऐक. मतदान तोंडावर असताना स्टे मिळत नाही."

हाही धडा जुना आहे. देशाच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, मद्रास राज्यातल्या नामक्कल मतदारसंघात पोन्नुस्वामी यांचा अर्ज बाद झाला. ते न्यायालयात गेले. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'निवडणूक' म्हणजे नुसता मतदानाचा दिवस नव्हे. अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक, आणि तिच्या मध्ये न्यायालयाने पडायचं नाही. तक्रार असेल ती निकालानंतर निवडणूक याचिकेतून. लोकसभा-विधानसभेसाठी हे कलम ३२९ मध्ये आहे, महापालिकांसाठी २४३-झेडजी मध्ये. पुढे २००० साली अशोक कुमार खटल्यात न्यायालयाने थोडी वाट मोकळी ठेवली : निवडणूक पुढे न्यायला मदत होत असेल तर न्यायालय पाऊल टाकेल, अडवायला नाही.

त्या मुलाला हे पटणं कठीणच होतं. ज्याने वर्षभर घरोघर फिरून माणसं जोडली त्याला 'नंतर या' सांगणं क्रूर वाटतं, आणि मला ते अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण मी केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय. मतदानाच्या आदल्या रात्री साहित्य ताब्यात घेऊन शाळेच्या बाकावर झोपलेय. प्रत्येक बाद अर्जावर स्थगिती मिळायला लागली तर तारीख कधीच उजाडणार नाही, हे मला ठाऊक आहे. काकांनी त्याला छाननीच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागायचा अर्ज टाइप करून दिला. महापालिकेसाठी निवडणूक याचिकेची मुदत अवघी दहा दिवसांची असते, आमदार-खासदारांसाठी असते तशी पंचेचाळीस दिवसांची नाही, हेही समजावलं. पैसे घेतले चाळीसच.

न्यायालय मध्ये पडलंच नाही असंही नाही. २ डिसेंबरला नगरपरिषदांचं मतदान होतं. काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं होतं, त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडचे निकाल एकदम २१ डिसेंबरला लावायला सांगितलं. माझी धाकटी बहीण बदलापूरला असते. तिला मत देऊन एकोणीस दिवस थांबावं लागलं आणि ती वैतागली होती. मला निर्णय बरोबर वाटला. एका गावाचा निकाल ऐकून दुसऱ्या गावाने मत द्यायचं, हे मतदान निखळ राहिलं नसतं. कुणाचाही अर्ज अडला नाही, कुणाचंही मत थांबलं नाही. मशीनं काय ती थोडी जास्त दिवस राखावी लागली.

आणि चंदीगड तर आठवतंच. ३० जानेवारी २०२४ ची महापौर निवडणूक. पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद केल्या, आणि त्यांवर खुणा त्यानेच केल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या मतपत्रिका दिल्लीला मागवल्या, स्वतः पाहिल्या, आणि २० फेब्रुवारीला आठही मतं वैध धरून विजेता जाहीर केला. मी अनेक मतपत्रिका हाताळल्या आहेत. मतदाराच्या मतपत्रिकेला पेन लावायचा विचारसुद्धा आमच्या पिढीतल्या कर्मचाऱ्याच्या मनात येत नसे. त्या दिवशी टीव्हीसमोर मी रडले होते.

आता दुकानातल्या उणिवा. बसायला जागा नाही हे सांगितलंच. दुपारी एक ते दोन काका डबा खातात आणि पुतण्या एकटा पडतो, त्या वेळात जाऊ नका. त्याची मराठी घाईत चुकते : माझ्या एका अर्जात त्याने 'हरकत'चं 'हकरत' केलं होतं, काकांनी पाहिलं म्हणून निभावलं. टाइप झालेलं स्वतः वाचल्याशिवाय प्रिंट काढू देऊ नका. ऑनलाइन पैसे भरताना नेटवर्क जातं, सुटे जवळ ठेवा. तुमची जुनी फाइल श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात असेल तर ती युनिकोडमध्ये उघडताना अक्षरं फुटतात आणि पुन्हा टाइप करायचे पैसे पडतात. आणि काका वकील नाहीत, ते स्वतःच तसं बजावतात. खटल्यापर्यंत गोष्ट गेली तर ते वकिलाकडे जायला सांगतात, आणि कुणा एकाचं नाव मात्र मुद्दाम सुचवत नाहीत. विचारून पाहिलं, तरी नाही सांगितलं.

जाताना दोन्ही याद्यांची पानं, ओळखपत्राची झेरॉक्स आणि असेल तर आधीच्या अर्जाची पोच घेऊन जा. गोष्ट थोडक्यात सांगा, लांबलेली त्यांना आवडत नाही.

१५ जानेवारीला सासूबाईंना रिक्षाने नेलं, आमच्याच प्रभागातल्या शाळेत. त्यांनी चार मतं दिली, प्रत्येक जागेला एक, बटण दाबताना सुनेला लांब उभं राहायला सांगितलं. १६ ला निकाल लागले. त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे १८ ला, जांभळी नाक्याला भाजी घ्यायला गेले होते, म्हणून सहज डोकावले. एरवी रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी शटर अर्धं वर होतं, आत दोन्ही संगणक चालू होते आणि काका फूटपट्टी धरून कुणाच्या तरी मतमोजणीच्या तक्त्यावरून ओळ ओळ उतरत होते. याचिकेचे दहा दिवस संपेपर्यंत रविवारीही उघडं ठेवणार म्हणाले.